बाराव्या आवाजाची संमती

९ जानेवारी

प्रिय मावशी,

लागली एकदाची नोकरी! आईने कळवलंच असेल, पण ती नेहमी अर्धवट सांगते, म्हणून हे पत्र. ती सगळ्यांना सांगत सुटलीय की मी "गाण्याच्या कंपनीत" लागले. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, मी गाणारच. परवा जिन्यात खालच्या काकूंनी मला चक्क दोन ओळी म्हणायला सांगितल्या. मी म्हटलं, काकू, मी गाण्याचे कागद सांभाळते. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मला तरी कुठे माहीत होतं गं, की गाणाऱ्या एका माणसामागे कागद धरणारी चाळीस माणसं असतात? मुलाखतीत तीन जागा होत्या. एक कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे, म्हणजे दिवसभर सभागृहांच्या तारखा जुळवायच्या आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या. दुसरी कलाकारांच्या मॅनेजरच्या हाताखाली. तिथे गायकाचा मूड, गायकाचं विमान, गायकाच्या बायकोचा मूड, सगळं तोंडाने निभावायचं. तिसरी हक्क विभागात. पहिल्या दोन्हींना अनुभव लागतो म्हणाले, तिसरीला नुसती चिकाटी. त्यामुळे तिसरी माझ्या गळ्यात पडली.

काम असं, की जुनं गाणं कुणाला जाहिरातीत किंवा सिनेमात घ्यायचं असलं, की त्या टेपवर ज्यांचा ज्यांचा आवाज आहे त्या प्रत्येकाची लेखी संमती आणायची. मुख्य गायकाची सोपी असते. पण मागे कोरसमध्ये नुसतं "आ" करणाऱ्या बायकासुद्धा शोधायच्या. हयात नसतील तर वारस शोधायचे. अर्धी पोस्टमन आणि अर्धी गुप्तहेर झालेय मी.

आमची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. चार टेबलं, तीन भिंतींना टेपांची लोखंडी कपाटं, चौथ्या भिंतीला दार. प्रमुख बाईंना सगळे शिक्काबाई म्हणतात. त्यांच्या शिक्क्याशिवाय तिथून माशीसुद्धा बाहेर जात नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा आहे, नऊ वर्षं तिथेच चिकटलाय, त्याला मी मनातल्या मनात "डिंक" म्हणते.

माझा डोळा मात्र मॅनेजरच्या हाताखालच्या जागेवर आहे. सहा महिन्यांनी तिथे एक खुर्ची रिकामी होणार आहे. त्यांना बोलका माणूस हवाय, आणि बोलण्यात मला कोण हरवणार? बाबा म्हणतातच, ही मावशीच्या वाटचंही बोलते. रागावू नकोस हं.

तुझी,
भिंगरी

१५ जानेवारी

लाडके भिंगरी,

रागावते कसली. घशाची गाठ निघाली तेव्हा तू जन्मायची होतीस, त्यामुळे माझ्या वाटचं कुणीतरी बोलायला हवंच होतं. जरा जास्तच बोलतेस, एवढंच.

नोकरीचं वाचून बरं वाटलं. माइकच्या अलीकडे बसलीस हे फार छान झालं. पलीकडे मी सहा वर्षं होते, तुला माहीत आहे. तिथे माणसाला गाण्याशिवाय काही दिसत नाही, शेजारी कोण उभं आहे तेही नाही. कागद बरे. मी इथे छापखान्याची मुद्रितं तपासते, दिवसभर कुणी हाक मारत नाही आणि मारली तरी उत्तराची अपेक्षा धरत नाही. सुख आहे.

एक सांगायचं होतं. जुन्या टेपा ऐकायचा तुझ्या कामाशी काही संबंध नसेल, तर ऐकू नकोस. हेडफोन लावून तर नकोच. कानांना त्रास होतो.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा सल्ला पाळता आला नाही, कारण ऐकणं हेच काम निघालं! कागदावर जितकी नावं, तितकेच आवाज टेपवर आहेत का, हे आधी कानांनी मोजायचं असतं. आणि आता खुर्चीतून पडू नकोस. माझी पहिली मोठी फाइल तुझी आहे.

एका विमा कंपनीला जाहिरातीसाठी चौतीस वर्षांपूर्वीचं एक गाणं हवंय. कोरस बारा बायकांचा. हजेरीवहीचं पान फाइलमध्ये आहे आणि त्यात चौथं नाव तुझं! मी टेबलावरून ओरडलेच. डिंक दचकून उठला.

गंमत म्हणजे टेप गाण्याच्या आधीपासूनच सुरू आहे. कुणीतरी पुरुष नावं पुकारतोय, एकेक बाई "हजर" म्हणतेय. मावशी, सत्तावीस वर्षांची झाले आणि तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गोल, भरलेला, जरा तापट. मी तो "हजर" सात वेळा ऐकला आणि सातव्यांदा मला रडू आलं. तुझा आवाज असा होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आईसुद्धा कधी बोलली नाही.

आता तुझ्या मदतीची गरज आहे. वहीत बारा नावं, बाराही जणींसमोर हजेरीची खूण. टेपवर आवाज बारा, मी तीनदा मोजले. पण त्या दिवशीचा एक फोटो फाइलला टाचलाय, त्यात बायका अकराच. सगळ्या माइकसमोर अर्धगोल उभ्या आहेत आणि तुझ्या डावीकडे बरोबर एका माणसाएवढी जागा मोकळी आहे. हजेरीत शेवटचं नाव पुकारल्यावर "हजर" दोनदा ऐकू येतं. आधी एक बारीक आवाज, आणि तो संपायच्या आत दुसरा, त्याहून बारीक. डिंक म्हणतो खोलीचा प्रतिध्वनी असेल. बाकीच्या अकरा नावांच्या मागे मात्र असा प्रतिध्वनी नाही.

ही बारावी कोण? कुठे असते?

तुझी,
भिंगरी

७ फेब्रुवारी

भिंगरी,

बारावीला आम्ही सुई म्हणायचो. आवाज बारीक आणि टोकदार, म्हणून. ती त्याच सुमारास शहर सोडून गेली. पत्ता माझ्याजवळ नाही. फोटो काढला तेव्हा पाणी प्यायला वगैरे गेली असेल, मला आठवत नाही.

माझी संमती सोबत सही करून पाठवते आहे. पण खरं सांगू का, ही फाइल दुसऱ्या कुणाला दे. घरचं माणूस फाइलमध्ये असताना ती आपण हाताळू नये, असा नियम सगळीकडे असतो. तुमच्याकडे नसला तरी आहे म्हणून सांग.

मुद्रितं पडली आहेत, जास्त लिहीत नाही.

मावशी

२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

एवढं तुटक पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. बरी आहेस ना?

फाइल मी दिली नाही, उलट पुरी केली. तुला धरून आठ जणी सापडल्या, तिघींचे वारस सापडले. एका आजींनी तर संमतीपत्रावर सही करता करता मला त्या गाण्यातला आपला "आ" लावून दाखवला आणि खोकल्याची उबळ येऊन अर्ध्यावर सोडला. सुईच्या जुन्या पत्त्यावर दोनदा पत्र पाठवलं. परतही आलं नाही आणि उत्तरही नाही.

मग डिंकाने आमच्या विभागातली जुनी युक्ती सांगितली. कॉम्प्युटर रिकामा रकाना स्वीकारत नाही, फाइल पुढे सरकतच नाही. म्हणून माणूस सापडेना झालं की इथले लोक तिथे आपलं स्वतःचं नाव टाकून ठेवतात. खरा माणूस सापडला, की त्याचा कागद जोडून बदलायचं. सगळेच करतात, शिक्काबाईंनाही माहीत आहे. तर "बारावा आवाज" या रकान्यात सध्या तुझी भाची विराजमान आहे! गाणारी झाले की नाही शेवटी? खालच्या काकूंना सांगायला हवं.

शिक्काबाई खूश झाल्या. सहा महिने कशाला थांबायचं म्हणाल्या, एप्रिलपासूनच मॅनेजरकडे जा. एक तारखेला मॅनेजरसमोर बसून एका गायिकेशी फोनवर बोलून दाखवायचं, तीच परीक्षा.

फक्त थोडी विचित्र गोष्ट सांगते, हसू नकोस. परवा बैठकीत मी दोन वाक्यं बोलले आणि शिक्काबाईंनी बाकीच्यांकडे बघून विचारलं, "कुणी काही म्हणालं का?" मी त्यांच्या समोरच बसले होते. बँकेच्या फोनवरची ती मशीनची बाई तीन वेळा म्हणाली, "आपला आवाज ऐकू आला नाही." सर्दी असेल. घसा मात्र अजिबात दुखत नाही.

तुझी,
भिंगरी

२५ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मिळताच उठ आणि त्या रकान्यातलं तुझं नाव काढ. कसंही कर. कुणालाही काहीही सांग. फाइल अडली तर अडू दे, नोकरी गेली तर जाऊ दे. ती टेप पुन्हा लावू नकोस.

मी गंमत करत नाही. मी तुझ्या पाया पडते.

मावशी

१२ मार्च

मावशी,

नाव निघत नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेले होते. फाइलवर शिक्का बसलाय, आता तिथे खऱ्या हक्कदाराची नाहीतर वारसाची सही आल्याशिवाय अक्षर हलत नाही. मी हे शिक्काबाईंना चिठ्ठीवर लिहून विचारलं. चिठ्ठीवर का, ते ऐक.

माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. मी बोलते तेव्हा घशात हलतं, ओठ हलतात, हवा बाहेर येते. घोगरासुद्धा आवाज नाही. न्हाणीघरात दार लावून जिवाच्या आकांताने ओरडले, तर मला नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, घसा इतका स्वच्छ आहे की विद्यार्थ्यांना दाखवावा.

आईला फोन लावला. "हॅलो, हॅलो, अगं कोण आहे? कुणी बोलतच नाही," म्हणाली आणि ठेवून दिला. मी इकडे आई, आई करत होते.

आणि आता जे लिहिते ते वाचून मला वेडी ठरवू नकोस. मी टेप लावली. तू नको म्हणालीस तरी लावली. बारावा आवाज पूर्वी मागून, भिंतीजवळून यायचा. आता तो माइकला चिकटून आहे. इतका जवळ, की श्वास घेतलेला कळतो. आणि गाणं सुरू होण्याच्या आधी कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "हां, तर..." मावशी, ते मी म्हणते. बोलायला सुरुवात करताना मी तसंच म्हणते, आई त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवते. टेप चौतीस वर्षांपूर्वीची आहे. मी सत्तावीसची आहे.

एक तारखेची परीक्षा गेली खड्ड्यात. मला माझा आवाज हवाय. तुला काय माहीत आहे ते सांग. तुझ्या घशाला खरंच गाठ झाली होती का?

भिंगरी

१६ मार्च

भिंगरी बाळा,

गाठ कधीच नव्हती. तुझ्या आईलाही मी तेच सांगितलं होतं, तिने विश्वास ठेवला.

आमच्यात एक पद्धत होती. कोरसचा मुकादम सकाळी दहाला वही उघडायचा. त्या वेळी जी नसेल तिला दिवसभर आत घेत नसत, आणि तीन वेळा असं झालं की नाव कायमचं कमी. म्हणून सुईला उशीर झाला की मी तिच्या आवाजात "हजर" म्हणायचे, मला झाला की ती माझ्या. सगळ्याच जणी एकमेकींची हजेरी द्यायच्या. मुकादम मान वर करून बघायचासुद्धा नाही. त्यात पाप आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. त्या दिवशी सुई आली नव्हती, मी आवाज बारीक करून "हजर" म्हटलं, आणि माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी तेच म्हटलं.

मी वळून पाहिलं, जागा रिकामी होती. गाणं सुरू झालं आणि ती माझ्या डाव्या कानात गायला लागली. संध्याकाळी सहापर्यंत गात होती. संगीतकार म्हणाले, आज कोरस काय भरलाय! मी गप्प. मला पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा एकटीला माइक मिळणार होता. बोलले असते तर हजेरीचं बाहेर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुईची आई स्टुडिओत आली. मुलगी काल सकाळी निघाली ती परत आली नाही. मुकादमाने वही उघडून दाखवली: हजर, दहा ते सहा. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं, संध्याकाळी सहापर्यंत स्टुडिओत होती, नंतर बेपत्ता. मी तिथेच मूग गिळून उभी होते. आणि त्याच सकाळी नऊ वाजता पुलापाशी ट्रकखाली सापडलेली एक अनोळखी बाई सरकारी दवाखान्यात पडून होती. ती तिच्या आईला कुणी दाखवलीच नाही. का दाखवतील? ही मुलगी तर संध्याकाळी सहाला जिवंत होती, वहीत तसं होतं.

महिन्याभराने त्या बाईचं माझ्या कानावर आलं आणि मी त्या दवाखान्यात गेले. तोवर सगळं उरकलं होतं, एक कपड्यांचं गाठोडं तेवढं होतं. त्यात मी सुईला दिलेला मफलर होता. घसा जप गं म्हणून मीच विणला होता. मी तिथल्या माणसाला "ओळखलं" असं म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तेव्हापासून नाही.

लिहून सांगता आलं असतं. चौतीस वर्षांत दर दिवशी आलं असतं. मी स्वतःची समजूत घालत राहिले, की निदान आई आशेवर तरी जगेल. ती समजूत खोटी होती. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

तुझं नाव तिथे मी लिहिलं नाही, पण जागा रिकामी मी ठेवली. मला माफ करशील असं मागत नाही.

मावशी

२० मार्च

मावशी,

माफीचं नंतर बघू. आत्ता मला तुझा राग आला आहे आणि ओरडताही येत नाही. तुला आठवतं, लहानपणी मी तुझी पाटी घेऊन तुझ्या वतीने दुकानात बोलायचे? मला वाटायचं, बिचारी मावशी. ती बाई चौतीस वर्षं दाराकडे बघत बसली, आणि बिचारी कोण, तर तू!

सुईची आई जिवंत आहे. मी काल स्वतः गेले होते. तोच पत्ता, तीच खोली. मुलगी परत आली तर कुठे येईल, म्हणून तिने घर बदललं नाही, असं शेजारीण म्हणाली. वय अठ्ठ्याऐंशी. दृष्टी गेली आहे, म्हणून माझी दोन्ही पत्रं कोनाड्यात तशीच पडली होती. मी दारात उभी राहिले, ती विचारत राहिली, "कोण? कोण आहे?" आणि मी काय सांगणार? माझ्याकडे आवाज नाही आणि तिला चिठ्ठी दिसत नाही. परत आले.

संमतीपत्र सोबत जोडलंय. वारसाचा अंगठा चालतो. वर एक चौकट आहे, "हयात" किंवा "मयत", त्यात खूण लागते. ती खूण मी करणार नाही. तू जा. कशी सांगशील ते तुझं तू बघ.

भिंगरी

३ एप्रिल

मावशी!

आला! गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. मी टेबलाशी बसून नेहमीसारखे ओठ हलवत होते आणि "हां, तर" असं खणखणीत बाहेर पडलं. डिंकाच्या हातून पेन पडलं. मी हसले, मग रडले, मग आईला फोन करून अर्धा तास नुसती बडबडले. शेवटी ती म्हणाली, पुरे आता.

दुपारी तुझं पाकीट आलं, तू स्वतः दारवानाकडे देऊन गेलीस म्हणे. अंगठा आहे, खूण आहे. रकान्यातलं माझं नाव निघून सुईचं चढलं. मॅनेजरची परीक्षा सोमवारवर ढकलली आहे, आणि मी ती जिंकणारच. पण तू शहरात आलीस आणि मला भेटली नाहीस? राग आला म्हणून लिहिलं होतं गं. राग गेला. कुठे उतरली आहेस? आईला तुझ्या छापखान्यातून कळलं की तू सुट्टी वाढवली आहेस. तिथून पत्रं पुढे पाठवत असतील तर हे तुला मिळेल.

फाइल बंद करायला शेवटचं ऐकायचं असतं, म्हणून टेप लावली. बारावा आवाज आता नाही, ते ठीक. मग अकरा असायला हवेत. मला दहाच मोजता येतात. तुझ्या नावापुढेही नुसती खरखर आहे. डिंक म्हणतो, टेप जुनी आहे आणि तुझे कान थकलेत. झालंही असेल, दोन महिने धड झोपलेय कुठे?

काय झालं गुरुवारी? सगळं सांग.

तुझी,
भिंगरी

१४ एप्रिल

लाडके भिंगरी,

पत्र फिरत फिरत पोचलं. तुझे कान थकलेले नाहीत.

सगळं एका कागदावर लिहून घेतलं होतं, शेजारणीकडून वाचून घ्यायचं ठरवलं होतं. तिने पहिलंच वाक्य वाचलं, "मी तुमच्या मुलीबरोबर गात होते," आणि म्हातारीने तिला हात करून थांबवलं. म्हणाली, "तू जा. जी आलीय तिला बोलू दे." शेजारीण म्हणाली, आजी, त्यांना बोलता येत नाही. "मग बसते वाट बघत. मला सवय आहे."

शेजारीण गेली. खोली लहान आहे, खाट, एक स्टूल, कोनाड्यात तुझी पत्रं. मी स्टुलावर बसले. दाराला कडी नव्हती, ते वाऱ्याने मागेपुढे होत होतं. किती वेळ बसलो कोण जाणे. ती माझ्या श्वासाकडे कान लावून होती. शेवटी मला ते सहन झालं नाही आणि मी तोंड उघडलं, नुसतंच, जसं इतकी वर्षं उघडते आहे तसं. "काकू" असा शब्द बाहेर आला.

तो आवाज माझा नव्हता. बारीक होता, टोकदार होता.

म्हातारी उठून उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले. "आलीस?" म्हणाली.

भिंगरी, तुला खरं सांगते. हो म्हणणं इतकं सोपं होतं. एक शब्द होता, आवाजही तोच होता, ती दहा मिनिटं का होईना सुखी झाली असती. माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या नावाने ओ द्यायची मला सवयच होती ना! मग मला तू दिसलीस, त्याच दारात उभी राहून ओठ हलवणारी. मी म्हटलं, "नाही, काकू. ती आली नाही. त्या दिवशी स्टुडिओतही आली नव्हती. तिची हजेरी मी दिली." आणि मग पुलाचं सांगितलं, मफलरचं सांगितलं, सगळं. त्याच आवाजात. तिच्या मुलीच्याच आवाजात तिला मुलगी गेल्याचं सांगितलं.

ती खाटेवर बसली. मग म्हणाली, "मी संध्याकाळचं शोधत राहिले गं. सगळ्यांना विचारलं, सहानंतर कुणी पाहिली का." एवढंच. मला हाकलेल असं वाटलं होतं. मी संमतीपत्राचं सांगितलं. तिने कागद मागितला, चौकट कुठे आहे ते बोटाने चाचपत विचारलं, आणि माझा हात धरून खूण माझ्याकडून करून घेतली. अंगठा दिला. तेव्हा तुझ्याकडे अकरा वाजून दहा मिनिटं झाली असणार.

मी निघायला उठले तर म्हणाली, "जाऊ नकोस. तू ती नाहीस, कळलं मला. पण बोल अजून. काहीही बोल."

म्हणून मी इथेच दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आहे. छापखान्याला कळवलं. रोज अकरा वाजता जाते आणि तासभर बोलते. वर्तमानपत्र वाचते, भाज्यांचे भाव सांगते, तुझ्याबद्दल सांगते. ती डोळे मिटून ऐकते. मध्येच हसते, पण माझ्या बोलण्याला नाही. तासाने "बास" म्हणते, मी निघते. तेवढा एक तास आवाज असतो. बाहेर रस्त्यावर आले की नाही.

मला भेटायला ये, पण अकरा ते बारा सोडून ये. सोमवारचं काय झालं ते कळव. कलाकार माणसं हाताळायला लागलीस की एक कर, कोण आलंय ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा.

काल वाचता वाचता तिने मला थांबवलं आणि विचारलं, "हा तर तिचा झाला. तुझा स्वतःचा आवाज कसा होता गं?" मी सांगायला गेले, आणि मला तो आठवेना. तू सात वेळा ऐकला आहेस. आठवत असेल तर लिही.

तुझी,
मावशी